एकेचाळीस अंगठे

“एकशे बारा,” साळुंखेभाऊ म्हणाले.

मी मशीनवरचं एकूण मतांचं बटण दाबलं. छोट्या खिडकीत आकडा उजळला. एकशे बासष्ट.

“परत मोजा बरं.”

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मतदारांच्या सह्यांच्या नोंदवहीवरून बोट खाली खाली नेलं. “एकशे बाराच, बाई. शेवटची सही त्या फेटेवाल्या बाबांची, आत्ता बाहेर गेले ते.”

मी पुन्हा बटण दाबलं. मशीन म्हणजे काही माझ्या वर्गातलं पोर नव्हतं, डोळे वटारले की उत्तर बदलायला. एकशे बासष्ट.

पंचवीस वर्षं गणित शिकवत होते मी तेव्हा. एवढ्या वजाबाकीला बोटं लागत नाहीत. पन्नास. आणि हे पन्नास कुठले तेही त्याच क्षणी कळलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

खैरवाडीच्या प्राथमिक शाळेत आमदारकीचं मतदान चाललं होतं आणि मी त्या केंद्राची केंद्राध्यक्ष होते. म्हणजे मशीनपासून मेणबत्तीपर्यंत सगळ्याला जबाबदार. खरं मतदान सातला सुरू होतं, पण त्याआधी साडेपाचला उमेदवारांच्या माणसांसमोर खोटं मतदान करून दाखवायचं असतं. त्याला मॉक पोल म्हणतात. पन्नास मतं टाकायची, मशीनमधून पडलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या, मग मशीनचा निकाल काढून ताळा घ्यायचा आणि मशीन पुसून कोरं करायचं. बंद, निकाल, साफ. तीन बटणं, ह्याच क्रमाने. प्रशिक्षणाला तालुक्याच्या साहेबांनी ते आमच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं. मी मागच्या बाकावर बसून हसले होते. म्हटलं, ह्यात विसरण्यासारखं आहे काय?

त्या पहाटे चिठ्ठ्या मोजताना छत्री ह्या चिन्हाची एक चिठ्ठी कमी भरली. झालं! छत्रीचा माणूस जालिंदर आणि कपाटाचा माणूस शहाजी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पहिलंच खोटं मतदान, त्यात हे. शेवटी ती चिठ्ठी डब्याच्या कोपऱ्यात चिकटलेली सापडली. तोवर सात वाजायला दहा मिनिटं. बाहेर रांगेतली माणसं दार वाजवायला लागलेली, क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा फोन, “मॅडम, सुरू केलं का? सुरू केलं का?” मी चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घातल्या, लाख लावली, मशीनला सील ठोकलं आणि दार उघडलं.

तिन्ही बटणं राहिली. एक नाही, दोन नाही, तिन्ही. पन्नास खोटी मतं पोटात घेऊन मशीन खरी मतं खात बसलं होतं.

आता मतदारसंघ कुठला ते ऐका, म्हणजे माझे हातपाय का गार पडले ते कळेल. तीस वर्षं तिथे एकच आमदार. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणायचे. मतदान नुसतं नावाला व्हायचं, निकाल सगळ्यांना आधीच पाठ. त्या वर्षी अण्णासाहेबांनी गुडघ्यांपुढे हात टेकले आणि जागा मोकळी झाली. मग त्यांचा सख्खा पुतण्या छत्री घेऊन उभा राहिला, आणि तीस वर्षं त्यांचा उजवा हात म्हणवणारा माणूस कपाट घेऊन. घराघरांत दोन चुली झाल्या. खैरवाडीत तर एका आळीत छत्री, समोरच्या आळीत कपाट, मधल्या रस्त्यावरून जाताना माणसं मान खाली घालायची. चार दिवसांआधी शेजारच्या गावात मशीनमध्ये घोळ आहे अशी नुसती आवई उठली, तर प्रात्यक्षिकाला आणलेलं मशीन लोकांनी विहिरीत फेकलं आणि बरोबरच्या तलाठ्याचं डोकं फोडलं. ते टाके मी प्रशिक्षणाच्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पर्समधला फोन वाजला. क्षेत्रीय अधिकारी. “मॅडम, नऊची टक्केवारी द्या. किती झालं?”

इथे बोलायचं होतं. “साहेब, चूक झाली,” एवढे तीन शब्द. मशीन बाजूला गेलं असतं, दुसरं आलं असतं, मला नोटीस मिळाली असती. हे आज कळतं. तेव्हा समोर दिसत होतं निलंबनाचं पत्र, सूतगिरणी बंद पडल्यापासून घरात बसलेला नवरा आणि त्या तलाठ्याच्या डोक्याचे टाके.

“एकशे बासष्ट,” मी म्हणाले.

साळुंखेभाऊंनी मान वर केली. फोन ठेवल्यावर नोंदवहीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि पुटपुटले, “अरे देवा. साफ करायचं राहिलं?”

आरोग्य खात्यातले कारकून होते ते, सत्तावन्न वर्षांचे, सात महिन्यांनी निवृत्त होणारे. मऊ बोलायचे. सकाळी माझ्यासाठी स्टीलच्या डब्यातून आल्याचा चहा आणला होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते.

“आता काय करायचं, भाऊ?”

“काही करू नका. चेहरा सरळ ठेवा. मी अकरा निवडणुका काढल्यात, बाई. दुपारी बघू.”

दुपारपर्यंतचे ते चार तास माझे मला माहीत. दर माणूस आत आला की वाटायचं, ह्याला कळलंय. शहाजीने सहज विचारलं, “बाई, किती झालं मतदान?” तर माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. दारातला हवालदार खोकला तरी मी वळून बघायची. समोरच्या भिंतीवर कुणा मास्तरांनी बे एके बे रंगवून ठेवलं होतं. मी ते वाचत बसले. बे पंचे दहा ह्याच्या पुढे सरकताच येईना.

अकराला पुन्हा फोन. पुन्हा मी पन्नास वाढवून सांगितले. दुसऱ्यांदा खोटं बोलताना तर आवाजही कापला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दीड वाजता ऊन असं तापलं की रांग संपली. जालिंदर आणि शहाजीचे डबे एकाच वेळी आले. खोलीत जेवायला बंदी, म्हणून दोघं व्हरांड्यात जाऊन बसले. दोघांच्याही डब्यात मटण, पण एकमेकांकडे पाठ. यादी तपासणारे लोंढे मास्तर आणि बोटाला शाई लावणारी मुलगी, त्या दोघांनाही साळुंखेभाऊंनी गोड बोलून जेवायला पिटाळलं. “जा जा, आम्ही आहोत.”

हवालदार दाराबाहेर तोंड करून बसलेला, खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यांनी लोंढे मास्तरांच्या टेबलावरून मतदारयादी उचलली आणि तिच्यामागून आणखी एक कागद काढला. गावात नसलेल्या मतदारांची यादी. कोण मेलं, कोण कायमचं बाहेरगावी गेलं, ती नावं त्यात असतात.

“मयत नको घ्यायला,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मेलेल्या माणसाने मत दिलं की ते पुढे उघडं पडतं. गेलेले घेऊ. पुण्याला गेलेले, लेकीकडे गेलेले. ह्यांच्यासाठी कोण येतंय? पन्नास नावांवर यादीत खूण करायची, ती वहीत चढवायची. वही आणि मशीन, दोन्ही सारखं. कुणाचं काही जात नाही.”

“आणि सह्या?”

“सह्या नकोत. हस्ताक्षर ओळखता येतं. अंगठेच बरे.” त्यांनी शाईची उशी माझ्याकडे सरकवली. “माझ्या अंगठ्याला जखम आहे, बाई. पट्टी बघा.”

खरंच पट्टी होती.

हसू येतं आज. अंगठ्यासारखी ओळख साऱ्या दुनियेत दुसरी नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मला सुचलं नाही. भ्यालेल्या माणसाला अक्कल कुठून असणार? मी, धोंगडेबाई, जी पालकसभेला अंगठा उठवणाऱ्या आयांना बाहेर बसवून आधी सही गिरवायला लावायची, “अहो, पोरगी सातवीत गेली आणि तुम्ही अजून अंगठाबहाद्दर?” असं चारचौघांत बोलायची, ती मी डावा अंगठा उशीवर दाबून बसले.

साळुंखेभाऊ नाव लिहायचे, मी अंगठा लावायची. त्यांचं पेन चाललं होतं सुरेख, एका वळणाचं अक्षर. मी नावं वाचत नव्हते. वाचली असती तर ती माणसं झाली असती. एक डोळा दारावर, एक कान व्हरांड्यातल्या डब्यांच्या आवाजावर. दहा. वीस. तेहेतीस. घामाने अंगठा घसरला की ते म्हणायचे, “सावकाश, बाई.” एकेचाळिसाव्याला व्हरांड्यात चूळ भरल्याचा आवाज आला.

“राहिलेले नऊ पाचनंतर,” साळुंखेभाऊ म्हणाले आणि यादी होती तिथे ठेवून आले. मी अंगठा रुमालाने पुसला, थुंकी लावून पुसला, पदराच्या आतल्या बाजूने पुसला. जांभळा तो जांभळाच. मूठ मिटून मी बसून राहिले.

ती तीनच्या सुमाराला आली.

सत्तरीची असेल. काटकुळी, नऊवारी लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला आणि हातात एक पिशवी, तिच्यातून एसटीची दोन तिकिटं बाहेर डोकावत होती. दारात उभी राहून तिने आधी हवालदाराला नमस्कार केला, मग मला.

“लई लांबनं आले, बाई. दोन गाड्या बदलल्या. लेकीकडं असते मी आता. जावई म्हणलं, कशाला जाताय आत्याबाई, तुमच्या एका मतानं काय हुतंय? म्या म्हणलं, आजवर न्हवतं हुत. अण्णासायेब निवडून यायचंच. यंदा हुतंय म्हंत्यात.”

जालिंदर आणि शहाजी दोघंही हसले. दोघांनाही वाटलं, हे आपलंच मत.

लोंढे मास्तरांनी तिचं कार्ड घेतलं आणि मोठ्याने वाचलं, “गजराबाई लक्ष्मण भिसे.” यादीवर बोट फिरवलं. थांबलं. कपाळाला आठी पडली. “आजी, तुमचं मतदान झालंय.”

साळुंखेभाऊंचं पेन हवेतच राहिलं. मी मूठ आणखी घट्ट मिटली.

“माझं?” गजराबाई म्हणाली. “मी तर आत्ता उतरले गाडीतनं.”

“यादीत खूण आहे. येऊन गेलात तुम्ही.”

“आन् हे काय मग?” तिने दोन्ही हात पुढे केले, दहाही बोटं ताठ. कुठेही शाईचा ठिपका नव्हता. “बघा की, मास्तर! नीट बघा!”

शहाजी उठला. “बोगस! मी सकाळधरनं म्हणतोय, छत्रीवाल्यांनी बोगस माणसं घातलीत!”

“तोंड सांभाळ!” जालिंदरने बाकडं मागे ढकललं. “म्हातारी तुमच्या भावकीतली. तुम्हीच आधी कुणाला तरी तिच्या नावावर घुसवलं आणि आता तिला आणून आमच्यावर शेकवताय!”

“वही काढा! वही दाखवा, कुणाची सही हाय!”

वही काढावी लागली. साळुंखेभाऊंनी पान उघडलं. गजराबाईच्या नावासमोर जांभळा अंगठा.

गजराबाई वाकली. नाक पानाला लागेल इतकी वाकली. “हा माझा न्हवं,” ती म्हणाली. “मी सही करते.”

“आजी...” लोंढे मास्तरांनी काही बोलायचा प्रयत्न केला.

“सही करते म्हणतेय ना! साक्षरता वर्गाला जायचे मी, दोन वर्सं. पोस्टात इचारा, रेशनवर इचारा. अंगठा लावून धा वर्सं झाली मला!”

खिडकीत डोकी जमली. एक, तीन, मग सगळी खिडकीच भरली. “बाहेर ओढा त्याला!” कुणीतरी ओरडलं. कुणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. हवालदाराने दार आतून लावून घेतलं. जालिंदरने शहाजीची गचांडी धरली होती. मला दिसत होतं, आता पुढच्या पाच मिनिटांत इथे रक्त सांडणार. आणि दोघांपैकी एकानेही काही केलेलं नव्हतं. करणारी खुर्चीत बसली होती, मूठ मिटून.

साळुंखेभाऊ माझ्या कानाशी आले. “प्रदत्त मत द्या, बाई. नियमात आहे. कागदावर मत घ्यायचं, पाकिटात घालायचं. म्हातारी खूश, सगळं मिटेल.”

खरंच नियमात आहे ते. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं, तर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका देतात. मला सुटकेचं दार दिसलं. मी उजव्या हाताने पाकीट शोधलं आणि आवाज शक्य तितका घट्ट केला. “थांबा सगळे! आजी, तुम्हाला मत देता येईल. कागदावर. हा घ्या शिक्का.”

खोली शांत झाली. गजराबाईने मतपत्रिका हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग मशीनकडे बोट केलं.

“ह्यात न्हाई जायचं?”

“नाही. वेगळ्या पाकिटात.”

“हे मोजत्यात का, बाई?”

काय साधा प्रश्न! माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरीने विचारावा तसा. आणि मला उत्तर पाठ होतं, प्रशिक्षणात शिकवलं होतं. प्रदत्त मतं मोजत नाहीत. कोर्टाने पुढे कधी मागितली तरच ती पाकिटं उघडतात. नाहीतर तशीच पडून राहतात आणि मुदत संपली की नष्ट करतात.

“हो म्हणा,” साळुंखेभाऊ कुजबुजले. “नुसतं हो म्हणा, बाई.”

गजराबाई माझ्याकडे बघत होती. दोन गाड्या बदलून आलेली, जावयाशी भांडून आलेली. तिला माझा संशय नव्हता हो! बाई सांगतील ते खरं, एवढाच भाव तोंडावर. मी आयुष्यात इतकी कशालाच भ्याले नव्हते. खिडकीतल्या माणसांना नाही, निलंबनाला नाही, त्या म्हातारीच्या डोळ्यांना भ्याले.

“नाही मोजत, आजी,” मी म्हणाले. आणि मूठ उघडून टेबलावर ठेवली. “हा अंगठा माझा आहे.”

कुणाला काही कळेना. शहाजीने जालिंदरचे हात आपल्या मानेवरून सोडवले आणि दोघंही माझ्या अंगठ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. तीन बटणं, पन्नास मतं, फोनवरचे आकडे, एकेचाळीस अंगठे. “साळुंखेभाऊंनी मी सांगितलं म्हणून लिहिलं,” हेही सांगितलं. ते खाली बघत होते.

सगळ्यात आधी गजराबाई बोलली. माझा हात तिने आपल्या खरखरीत हातात घेतला, अंगठा उजेडाकडे वळवून पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, “अगं बया! बाई, तुमास्नी सही येत न्हाई?”

मला तेव्हा रडू आलं. चांगलं हमसून, नाक पुसत. एका हवालदारासमोर, दोन गावगुंडांसमोर आणि खिडकीभर डोक्यांसमोर.

खिडकीतून बातमी बाहेर गेली. दोन मिनिटांत पटांगणात गलका. पहिला दगड कौलावर पडला, दुसरा दारावर. “बाईला बाहेर काढा! मशीन फोडा!” हवालदार दाराला पाठ लावून वायरलेसवर ओरडत होता. मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला, ह्या वेळी ते तीन शब्द बोलले, आणि ते म्हणाले, “वीस मिनिटांत पोचतो, तोवर दार उघडू नका.” वीस मिनिटं! दाराची कडी तर सुतळीने बांधलेली होती.

आणि मग गजराबाई उठली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, जणू बसमध्ये जागा धरून ठेवावी तशी, आणि खिडकीशी गेली.

“ए, रामजीच्या! तो दगूड खाली टाक. टाक म्हंते ना! आन् तू कोण, सुंदराचा नातू ना रं? मत कुणाचं गेलंय? माझं गेलंय का तुझं?”

“आजी, तुमी बाजूला व्हा...”

“माझं गेलंय. वरडायचं आसंल तर मी वरडीन. तुमाला काय झालंय? सकाळधरनं बोटाला शाई लावून हिंडताय आन् मला शिकवताय! जिनं केलं तिनं सांगितलं. तुमच्यातलं कुणी सांगितलं असतं का, आँ?”

गावात ती सगळ्यांची आजी, मावशी, कुणाची चुलत सासू. कुणाचे बाप तिच्या डोळ्यांदेखत जन्मलेले. ती नावं घेऊन घेऊन एकेकाला झापत राहिली आणि नाव घेतलेला माणूस मागे सरकत राहिला. वीस मिनिटं ती खिडकी सोडून हलली नाही. मध्येच वळून मला म्हणाली, “पाणी द्या, बाई. घसा सुकला.” मी उजव्या हाताने तांब्या दिला.

गाड्या आल्या. मशीन सील होऊन गेलं, मीही गेले, पोलिसांच्या जीपमधून. खैरवाडीचं सगळं मतदान रद्द झालं आणि तिसऱ्या दिवशी फेरमतदान झालं. गजराबाई ते तीन दिवस लेकीकडे गेलीच नाही, भावकीत राहिली आणि म्हणे रांगेत पहिली उभी होती.

निकालाच्या दिवशी मी घरी रेडिओ लावून बसले होते. अख्ख्या मतदारसंघात कपाट सात मतांनी निवडून आलं. सात! दोन फेरमोजण्या झाल्या, तरी सातच. आणि माझ्या त्या पहाटेच्या खोट्या मतदानात छत्रीला एकवीस आणि कपाटाला अकरा मतं पडली होती. म्हणजे छत्रीला दहा जास्त. पुढची वजाबाकी मी सांगत नाही, तुम्हीच करा. “कुणाचं काही जात नाही,” असं साळुंखेभाऊ म्हणाले होते.

माझं चौदा महिने निलंबन झालं. कोर्टाच्या पायऱ्या चढले, कबुली धरून दंडावर सुटले. साळुंखेभाऊंची पेन्शन वर्षभर अडली, पण मिळाली. त्यांनी नंतर मला एक पत्र पाठवलं, त्यात नुसतं “बाई, क्षमा,” एवढंच होतं. नोकरीवर परत गेले तेव्हा सहकारी मला सत्यवादी म्हणायचे, काही चेष्टेने, काही खरंच. निवृत्तीच्या समारंभात तर मुख्याध्यापकांनी माझ्या धैर्याचा उल्लेख करून शाल घातली. दुपारी दीडला मी ती यादी उघडू दिली होती, हे त्या शालीखाली माझं मला माहीत होतं. म्हातारी जर पाच वाजेपर्यंत आली नसती, तर राहिलेले नऊही मी लावले असते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पण मला खरं सांगायचं आहे ते चौकशीच्या दिवसाचं.

तहसील कचेरीत चौकशी अधिकाऱ्यांसमोर आम्हाला बोलावलं होतं. मी टेबलाच्या एका बाजूला, गजराबाई साक्षीदार म्हणून दुसऱ्या बाजूला. तिचा जबाब लिहून झाल्यावर कारकुनाने न बघताच शाईची उशी तिच्यापुढे सरकवली. “आजी, अंगठा.”

“मी सही करते,” गजराबाई म्हणाली.

पेन मुठीत धरून ती सही करायला बसली. ग काढला. ज काढताना थांबली, जीभ ओठांत धरली, पुन्हा लागली. रा. बाई. पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनावाचं, एकही अक्षर गाळलं नाही. पाच मिनिटं तरी लागली असतील. साहेब घड्याळ बघत होते, पण कुणी तिला घाई केली नाही.

मग साहेबांनी तीच उशी माझ्याकडे ढकलली. “मॅडम, वहीतल्या ठशांशी ताडून बघायला तुमचा नमुना लागेल. डावा अंगठा.”

मी बी.एस्सी., बी.एड. सगळ्या कचेरीदेखत मी अंगठा उशीवर दाबला आणि कागदावर लावला. बेचाळिसावा. अंगठा कुठे पुसावा ते कळेना. रुमाल घरी राहिलेला.

गजराबाईने टेबलावरून वाकून आपल्या लुगड्याचा पदर माझ्यापुढे धरला.

“पुसा, बाई.”

“राहू द्या आजी, डाग पडेल.”

“पडू द्या की. लुगडं धुता येतंय,” ती म्हणाली, आणि मी पुसेपर्यंत पदर तसाच धरून बसली.